गार असताना एका किकमध्ये, तापली की बंद: घरी नवी केलेल्या जुन्या बुलेटचा परत परत येणारा आजार

आधी लक्षण सांगतो, म्हणजे आपलीच गाडी आहे की नाही ते कळेल. सकाळी पहिल्या-दुसऱ्या किकला सुरू होते. गल्लीत, चौकात, पेट्रोल पंपापर्यंत काही तक्रार नाही. पंधरा-वीस किलोमीटर झाले, इंजिन नीट तापलं, की दोन-चार झटके देते, पिकअप जातो आणि बंद पडते. किक मारून मारून पाय दुखायला लागतो. लिंबाच्या सावलीत अर्धा तास उभी केली की पुन्हा सुरू, काही झालंच नव्हतं अशी. मेकॅनिककडे न्यावी तर तिथे अगदी शहाण्यासारखी चालते. तो नवा प्लग टाकतो, कार्ब्युरेटर साफ करतो, पैसे घेतो. पुढच्या रविवारी तुळजापूरच्या रस्त्यावर पुन्हा तेच.

स्वतःसाठी गाडी केली असेल तर हे नुसतं डोकेदुखीचं काम आहे. विकायला केली असेल तर इभ्रतीचं. गिऱ्हाईक संध्याकाळी ऊन उतरल्यावर येतं, सोलापूरच्या सात रस्त्यापर्यंत एक चक्कर मारतं, आवाजावर खूश होऊन पैसे मोजतं आणि सुट्टीच्या दिवशी बायकोला मागे बसवून स्वामींच्या दर्शनाला अक्कलकोटला निघतं. रस्ता जेमतेम चाळीस किलोमीटरचा. वळसंगच्या आसपास फोन येतो, "मालक, गाडी बंद पडलालीय बघा." तुम्ही जाऊन पोचेपर्यंत इंजिन गार झालेलं असतं, पहिल्या किकला सुरू होतं, आणि गिऱ्हाईक तुमच्याकडे असं बघतं की त्यालाच शरमल्यासारखं व्हावं की तुम्हाला, हे ठरत नाही.

हे सगळं पॉइंटवाल्या (ठिणगीसाठी करंट जोडणारी-तोडणारी दोन टोकं म्हणजे पॉइंट), कास्ट आयर्न ब्लॉकच्या ३५० सीसी बुलेटला धरून लिहितोय. ७० मिलिमीटर बोअर, ९० मिलिमीटर स्ट्रोक, ३४६ सीसी, उजव्या पायाला गिअर, ती जुनी. येझदी किंवा राजदूत असेल तरी पेट्रोलचा आणि पॉइंट-कंडेन्सरचा भाग बहुतेक तसाच लागू पडतो. सीडीआय, म्हणजे पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक ठिणगी, असलेल्या गाड्यांना पॉइंटचं पुराण नको, पण टाकीचं त्यांनाही लागतं.

थांबलात की पुरावा गेला

तापल्यावर बंद पडते म्हणजे उष्णतेनेच बंद पडते, हा समज या आजाराचं मूळ आहे. काही दोष खरोखर उष्णतेचे असतात: कंडेन्सर, कॉइल (ठिणगीसाठी करंटचा दाब वाढवते ती), घट्ट पिस्टन, घट्ट टॅपेट (व्हॉल्व्हची फट ठरवतात ते). पण काही दोष नुसते वेळेचे किंवा अंतराचे असतात. टाकीत हवा शिरत नसेल तर पेट्रोल हळूहळू अडतं, आणि ते अडेपर्यंत इंजिन तापलेलंच असतं. टाकीतला गंज पेट्रोलच्या कॉकच्या जाळीवर जमायलाही तेवढाच वेळ लागतो. दोन्हींत अर्धा तास थांबलं की हवा शिरते, गंज खाली बसतो, गाडी सुरू होते. बाहेरून बघणाऱ्याला सगळं एकसारखंच दिसतं.

म्हणून तपासणी करायची ती गाडी बंद पडल्यावर पहिल्या दोन-तीन मिनिटांत, रस्त्यावर, तिथल्या तिथे. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात स्टूल टाकून बसण्याला अर्थ नाही. सोबत ठेवायचं सामान थोडं आहे: एक जास्तीचा चांगला प्लग, एक जास्तीचा कंडेन्सर, दोन्ही टोकांना चिमटे असलेली हातभर वायर, पाण्याची एक बाटली, पेट्रोलसाठी एक रिकामी बाटली, फडकं, प्लगपाना, स्क्रू ड्रायव्हर, फीलर गेज. शर्टाच्या खिशात मावणार नाही, पण टूलबॉक्समध्ये मावतं.

पहिली परीक्षा किकची

काही उघडायच्या आधी डिकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारा लिव्हर) न दाबता किक हाताने किंवा पायाने हळू खाली दाबून बघा. नेहमीसारखं कॉम्प्रेशन लागतंय का? तीन शक्यता आहेत.

किक जड झाली असेल, चिकटल्यासारखी, तर पुढचं काही करू नका. पिस्टन धरतोय. नवीन बोअर केलेल्या (सिलिंडरचं भोक नव्या मापाला कापलेल्या) इंजिनात हे सर्रास होतं, कारण बोअरिंगवाल्याकडे नुसता ब्लॉक पाठवलेला असतो आणि पिस्टन नंतर दुकानातून आणलेला असतो. ब्लॉक आणि पिस्टन दोन्ही एकत्र द्यायचे, त्या पिस्टनच्या मापानेच बोअर करून घ्यायचा. बोअर घट्ट राहिला असेल तर कितीही वेळा प्लग बदला, गाडी तापली की पिस्टन फुगणार आणि धरणार. इंजिन पूर्ण गार होऊन किक मोकळी झाली की ऑइलही तपासा: हेडवर रॉकरला जाणाऱ्या ऑइलच्या बारीक नळीचा बोल्ट इंजिन चालू असताना किंचित सैल केला तर तिथून ऑइल पाझरलं पाहिजे. नाही पाझरलं तर पंपाकडे बघा, आणि तोवर गाडी ढकलत न्या किंवा टेम्पोत घाला. इथे कंजुषी केली तर नवा पिस्टन, नवा बोअर, दोन्ही गेले.

किक हलकी झाली असेल, पायाखाली काही लागतच नसेल, तर टॅपेट घट्ट लावलेले आहेत. तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि कॉम्प्रेशन निसटतं. टॅपेट लावायचे ते इंजिन पूर्ण गार असताना, म्हणजे रात्रभर उभी राहिलेली गाडी, कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला पिस्टन आणून. पुशरॉड (टॅपेटची उभी दांडी) दोन बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. आवाज येतो म्हणून घट्ट करणारे बरेच आहेत. जुन्या बुलेटच्या टॅपेटचा थोडा टकटकाट गिऱ्हाईकाला समजावून सांगावा, स्क्रूने दाबू नये.

किक नेहमीसारखीच असेल, आणि बहुतेक वेळा ती नेहमीसारखीच असते, तर इंजिन आतून ठीक आहे. मग प्रश्न दोनच उरतात: पेट्रोल येतंय का आणि ठिणगी पडतेय का.

पेट्रोल: झाकणापासून सुरुवात

टाकीचं झाकण उघडा आणि कान द्या. "फुस्स" करून हवा आत गेल्याचा आवाज आला तर निम्मं काम झालं. तसंच झाकण उघडं ठेवून मिनिटभर थांबा, कार्ब्युरेटरची वाटी भरू द्या आणि किक मारा. सुरू झाली तर दोष झाकणाच्या छिद्राचा.

पेट्रोल खाली उतरलं तेवढी हवा वरून आत यायला हवी. झाकणातलं बारीक छिद्र त्यासाठीच असतं. ते बुजलं की टाकीत ओढ तयार होते, धार बारीक होत जाते, वाटी रिकामी होते, गाडी बंद. मग वॉशरच्या फटीतून हळूहळू हवा शिरते आणि अर्ध्या तासाने सगळं ठीक. आता गंमत अशी की ही गोष्ट रिस्टोरेशन करणाऱ्यानेच घडवलेली असते. जुनं झाकण खराब दिसतं म्हणून निकेल करायला दिलेलं असतं, त्यात छिद्र बुजतं. किंवा पॉलिशचा मळ आत बसतो. किंवा बाजारातून चकचकीत नवीन झाकण आणलेलं असतं आणि त्याला छिद्रच नसतं, किंवा खालचा रबरी वॉशर इतका जाड की तोच छिद्र झाकतो. बारीक तारेने छिद्र मोकळं करा, मग झाकण तोंडाशी धरून फुंकर मारून बघा. हवा पलीकडे जायला पाहिजे.

एक खूण लक्षात ठेवा. टाकी फुल केली की गाडी लवकर बंद पडते आणि टाकी अर्धी असताना बराच वेळ चालते, असं असेल तर जवळजवळ नक्की झाकण. फुल टाकीत वर हवेची जागा थोडी, त्यामुळे थोडं पेट्रोल उतरलं तरी ओढ लगेच वाढते. उलट, पेट्रोल कमी झाल्यावरच त्रास होत असेल तर कॉककडे बघा.

झाकण उघडूनही सुरू झाली नाही तर कार्ब्युरेटरजवळची पेट्रोलची नळी काढा, बाटलीत धरा आणि कॉक सोडा. सायलेन्सरपासून लांब, आणि आजूबाजूला कुणी विडी ओढत उभं असेल तर त्याला आधी चार पावलं मागे पाठवा. धार अखंड पडली पाहिजे. सुरुवातीला जोरात आणि मग थेंब थेंब, असं झालं तर टाकीत गंज आहे आणि तो कॉकच्या जाळीवर येऊन बसतोय. रिझर्व्हवर टाकल्यावर गाडी थोडा वेळ जिवंत होते, हीही त्याचीच खूण.

वर्षानुवर्षं पत्र्याच्या शेडखाली, अर्धी रिकामी, उभी राहिलेली टाकी आतून गंजतेच. बाहेरून डेंटिंग-पेंटिंग करून ती नवीन दिसते, आतला गंज तसाच. टाकी रंगवायला देण्याआधी आतून साफ करायची, नंतर नव्हे, कारण साफ करायचं द्रावण तोंडावरून ओघळलं की ताज्या रंगाची वाट लागते. कॉक काढून भोक बंद करा, आत मूठभर धुतलेली बारीक खडी किंवा जुने नटबोल्ट घालून खळखळ हलवा, मोकळं करा, मग गंज काढायचं फॉस्फोरिक ॲसिडचं द्रावण किंवा लिंबूसत्व पाण्यात कालवून भरून ठेवा. काम झालं की खायच्या सोड्याच्या पाण्याने आम्ल मारा, स्वच्छ पाण्याने धुवा आणि लगेच वाळवा. सोलापूरच्या उन्हाचा एवढा तरी उपयोग करून घ्या: मे महिन्यात दुपारी टाकी उलटी ठेवली की बघता बघता कोरडी होते. वाळल्याबरोबर आतून थोडं इंजिन ऑइल फिरवा, नाहीतर उघडा पडलेला पत्रा पुन्हा तांबूस व्हायला लागतो.

टाकीच्या आत लेप देणारे बरेच भेटतात. माझं मत विचाराल तर, टाकीला भोकं पडलेली नसतील तर लेप देऊ नका. चांगला चिकटला नाही तर त्याचे पापुद्रे सुटतात आणि ते गंजापेक्षा वाईट, कारण एकच पापुद्रा कॉकचं तोंड बंद करतो. त्यात आता पंपावर मिळणारं पेट्रोल २० टक्के इथेनॉलचं. आपल्याच जिल्ह्यातले साखर कारखाने ते बनवतात, त्याबद्दल तक्रार नाही, पण इथेनॉल पाणी ओढून घेतं, जुन्या टाकीत चिकटून बसलेला मळ सोडवतं आणि जुनं रबर, काही लेप नरम करतं. तीस वर्षांपूर्वीची नळी, कॉकमधला रबरी वॉशर, फ्लोटच्या नीडलचं टोक हे सगळं रिस्टोरेशनमध्येच नवीन घाला. रबर फुगून कॉकचं भोक अर्धं बंद झालेलं असेल तर बाहेरून ते दिसत नाही.

नळीबद्दल अजून दोन शब्द. या गाडीत पेट्रोल पंपाने येत नाही, नुसतं खाली उतरतं. मध्ये कागदाचा मोठा फिल्टर बसवला, किंवा नळी लांब ठेवून तिला झोळ दिला, तर मध्ये हवेचा बुडबुडा अडकतो. नळी आखूड, उताराची, आणि ब्लॉकला चिकटणार नाही अशी ठेवा. कॉकची आणि टाकीची जाळी चांगली असेल तर मधला फिल्टर नसला तरी चालतं.

ठिणगी

बाटलीतलं पेट्रोल बाजूला, कॉक बंद, झाकण बंद, नळी जागेवर. आता ठिणगी.

तापलेल्या हेडमधून प्लग काढू नका. हेड ॲल्युमिनियमचं आहे, गरम असताना आटे निघून येतात. इंजिनातला प्लग तिथेच राहू द्या. त्याची टोपी काढून जास्तीच्या प्लगला लावा, तो प्लग हेडच्या पात्यांना धातूला धातू लागेल असा टेकवा, चावी सुरू करा आणि किक मारा. निळी, टचकन आवाज करणारी ठिणगी पडली तर ठिणगीचं खातं ठीक. पिवळसर, बारीक, मधूनच येणारी असेल किंवा येतच नसेल तर गुन्हेगार या बाजूला आहे.

बुलेटला हेडलाइटच्या घुमटावर अँपिअर मीटर असतो. लोक त्याला शोभेचा समजतात. चावी सुरू ठेवून किक अगदी हळू खाली दाबा आणि काट्याकडे बघा. पॉइंट जुळले की काटा मायनसकडे सरकतो, उघडले की परत मध्ये येतो. असा नाचला म्हणजे बॅटरीपासून चावी, कॉइल, पॉइंट हा सगळा रस्ता चालू आहे. काटा जागचा हललाच नाही तर करंट कुठेतरी तुटलाय: फ्यूज, नवीन बसवलेला चावीचा सेट, सुटलेली वायर, काजळलेले पॉइंट. काटा मायनसला चिकटूनच राहिला तर पॉइंट उघडतच नाहीत. (नकली मीटर बसवला असेल तर या परीक्षेवर विसंबू नका. अशा मीटरचा काटा लग्नातल्या फेट्यासारखा नुसता मिरवायला असतो.)

काटा नाचतोय पण ठिणगी मरतुकडी आहे, अशा वेळी पहिला संशय कंडेन्सरवर. पॉइंटचं झाकण काढा, हाताने सावली करा, कुणालातरी किक मारायला सांगा आणि पॉइंटमध्ये बघा. अगदी बारीक ठिणगी चालते. चांगली जाड, निळी-पांढरी चमक दिसली तर कंडेन्सर गेला. पॉइंट उघडताना उसळणारा करंट तो पोटात घेतो, म्हणून कॉइलमध्ये जोरदार दाब तयार होतो. त्याने ते काम सोडलं की जोर पॉइंटवरच जळून जातो, पॉइंटला खड्डे पडतात आणि प्लगपर्यंत काही पोचत नाही. गार असताना चांगला आणि तापल्यावर निकामी, हा या वस्तूचा स्वभावच आहे. बुलेटमध्ये तर तो पॉइंटशेजारी, ब्लॉकच्या मागे, गरम जागेत बसवलेला.

जास्तीचा कंडेन्सर तिथल्या तिथे लावता येतो. जुन्याची वायर सोडवा, नव्याची वायर पॉइंटच्या त्याच टोकाला जोडा आणि नव्याचं अंग चिमट्याच्या वायरने इंजिनाला अर्थ करा, म्हणजे करंटला परतीची वाट म्हणून धातूला जोडा. दोरीने बांधून लोंबकळत ठेवला तरी गाडी घरी येते. कायमची सोय करायची तर कंडेन्सर गरम जागेतून काढून कॉइलजवळ, टाकीखाली बसवा: वायर कॉइलच्या पॉइंटकडच्या टोकाला, अंग अर्थला, वायर आखूड. बरेच जुने बुलेटवाले असंच करतात आणि मला यात काही वावगं दिसत नाही. मूळ रचना जपायचीच असेल त्याने जुना खोका जागेवर नुसता शोभेला ठेवावा. आणि पाकिटातून नवीन काढला म्हणजे चांगला, असं समजू नका. जुनी गाडी मिळाली तेव्हा तिच्यावर असलेला मूळ कंडेन्सर चालू असेल तर तो फेकू नका, बाजारातल्या स्वस्त नव्यापेक्षा तो पुष्कळदा जास्त टिकतो.

कंडेन्सर बदलूनही फरक नसेल तर कॉइल. ओल्या फडक्याने कॉइलचं अंग गुंडाळा, टोकांना पाणी लागू देऊ नका, चार-पाच मिनिटं थांबा. ठिणगी पुन्हा निळी झाली तर कॉइल आतून तुटतेय. घरी मीटरने मोजून यात फारसं कळत नाही, गार कॉइल सगळे आकडे बरोबर दाखवते. कॉइल जाण्याची दोन कारणं रिस्टोरेशनमध्ये हमखास सापडतात. एक, सहा व्होल्टची गाडी बारा व्होल्टवर नेली, दिवे बदलले, बॅटरी बदलली, हॉर्न बदलला आणि कॉइल सहाचीच राहिली. ती चालते, पण भाजत राहते. दुसरं, गिऱ्हाईकाला दिवे-इंडिकेटर दाखवायला चावी सुरू करून गप्पा मारत बसणं. इंजिन बंद आणि पॉइंट नेमके जुळलेले असतील तर तेवढा वेळ करंट कॉइलमधून वाहत राहतो. चहा पिऊन होईपर्यंत कॉइल चटका देण्याइतकी गरम झालेली असते.

आता पॉइंटची फट. ०.३५ ते ०.४० मिलिमीटर, पॉइंट पूर्ण उघडलेले असताना, फीलर गेजने. नवीन पॉइंट टाकले की पहिल्या काहीशे किलोमीटरमध्ये पॉइंट उघडणाऱ्या कॅमवर घासणारा फायबरचा तुकडा झिजून बसतो आणि फट आपोआप कमी होते. फट कमी झाली की ठिणगीचं टायमिंग मागे पडतं, इंजिन जास्त तापतं, ठिणगी कमकुवत होते. म्हणजे रिस्टोअर केलेली गाडी पहिले दोन आठवडे सुरेख चालते आणि मग बिघडायला लागते, तेही गिऱ्हाईकाच्या दारात. विकायच्या आधी गाडी थोडी चालवून फट पुन्हा लावा आणि कॅमला ग्रीसचं एक बोट द्या. बोटभर नव्हे. जास्त लावलं तर उडून पॉइंटवर जातं.

रंगाखाली दडलेला अर्थ

या दोषाचा उष्णतेशी संबंध नाही, पण तो नेहमी उष्णतेच्या नावावर खपतो. जुनी चेसिस सँडब्लास्ट करून पावडर कोटिंग केली की ती सुंदर दिसते, आणि प्रत्येक बोल्टखाली प्लास्टिकचा जाड थर बसतो. पूर्वी चेसिसमधूनच करंट परत यायचा, आता त्याला वाट नाही. एखाद्या बोल्टच्या आट्यातून कसाबसा जातो, खड्ड्यात गाडी हलली की तुटतो. परीक्षा सोपी: चिमट्याची वायर बॅटरीच्या अर्थच्या टोकापासून थेट इंजिनाच्या धातूला लावा. गाडी लगेच सुधारली तर दोष हाच. जुन्या काही गाड्यांत प्लस अर्थ असतो, त्यामुळे कुठलं टोक अर्थचं आहे ते आधी वायरिंग बघून ठरवा. उपाय म्हणजे इंजिन, बॅटरी आणि हेडलाइट यांच्यासाठी अर्थची वेगळी वायर ओढणं. बोल्टखालचा रंग रुपयाएवढा खरवडूनही जमतं, पण तिथे पावसाळ्यात गंज सुरू होतो, म्हणून मला वायरच बरी वाटते.

पावडर कोटिंगवरून आणखी एक. चेसिस नंबर ठोकलेल्या जागेवर ब्लास्टिंगवाल्याला टेप लावायला सांगा. जाड थराखाली नंबर बुजला आणि आरटीओच्या माणसाला तो बोटाने घासून वाचता आला नाही, तर सगळी मेहनत खड्ड्यात.

विकण्याआधीची दुपार

ज्या गाडीला हा आजार आहे की नाही हे माहीत नाही, ती विकायला काढू नका. सिद्धेश्वर तलावाभोवती संध्याकाळच्या चार चकरा म्हणजे परीक्षा नव्हे. नवीन बोअर असेल तर आधी पाचशे किलोमीटर दमाने, पन्नासच्या आसपास चालवून घ्या. मग एखाद्या दुपारी टाकी फुल करा, मागे एका माणसाला बसवा आणि तुळजापूर गाठा. फुल टाकी झाकणाची परीक्षा घेते, दुपार कॉइल-कंडेन्सरची, आणि तुळजापूरजवळचा घाट पिस्टनची. वर पोचल्यावर इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा आणि मग किक मारा. ही दहा मिनिटं महत्त्वाची आहेत, कारण चालताना लागणारा वारा थांबतो आणि ब्लॉकची उष्णता पॉइंटपर्यंत पसरते. तापलेल्या गाडीची खरी किक तीच. येताना शहरात संध्याकाळच्या गर्दीत नवी पेठेतून पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये या, आणि घरी आल्यावर पुन्हा एकदा बंद करून सुरू करा.

यात पास झाली की गिऱ्हाईकालाही संध्याकाळऐवजी दुपारी बोलवा. जो दुपारी यायला तयार नाही तो गाडी बघायला नाही, फोटो काढायला येतोय. स्वतःसोबत त्याला वीस-पंचवीस किलोमीटर फिरवून आणा. काढलेले जुने मूळ भाग पिशवीत घालून त्याच्या हाती द्या, काय नवीन घातलं आणि पॉइंटची फट कधी लावली ते कागदावर लिहून द्या. किंमत त्याने जास्त मिळते, हा अनुभव आहे. नुसत्या चमकणाऱ्या टाकीला एवढा भाव येत नाही.

तरीही फोन आलाच तर घाईने निघू नका. फोनवरच तीन गोष्टी विचारा: टाकी कधी फुल केली, किक जड आहे की हलकी की नेहमीसारखी, आणि झाकण उघडून किक मारली तर काय होतं. किक जड असेल तर त्याला सांगा, आणखी एकही किक मारू नकोस. बाकी उत्तरांवरून निघताना कंडेन्सर घ्यायचा की नवीन झाकण, ते ठरतं.

कागदाचं थोडक्यात. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण लागतं आणि ते पाच-पाच वर्षांसाठी होतं, ते झालेलं नसेल तर आधी ते करा, पर्यावरण कर आणि विमा बघून घ्या. एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांनाही आता उच्च सुरक्षा नंबर प्लेट लागते. विकताना फॉर्म २९ आणि ३०. विकणाऱ्याने हस्तांतर चौदा दिवसांत कळवायचं असतं, घेणाऱ्यावर सोडून मोकळं व्हायचं नसतं, कारण नाव बदलेपर्यंत दंडाची पावती तुमच्याच नावावर येते. इंजिन बदललं असेल किंवा काळी गाडी लाल केली असेल तर तेही आरसीवर नोंदवून घ्या.

आणि आपल्याकडे सीमा जवळ असल्यामुळे विजापूर, इंडी, कलबुर्गीकडून केए २८, केए ३२ नंबरच्या जुन्या बुलेट स्वस्तात येतात. स्वस्त असण्याचं कारण बहुतेक वेळा इंजिनात नसतं. तिकडच्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, इथला कर आणि एमएच १३ चा नवीन नंबर, एवढं झाल्याशिवाय ती तुमच्या नावावर होत नाही आणि पुढे विकताही येत नाही. मूळ मालक हयात आहे का, सही द्यायला येईल का, कर्जाचा बोजा आरसीवर अजून दिसतोय का, हे गाडी उचलायच्या आधी विचारा. एक पाना हातात धरायच्या आधी.